रंगाचा एकच हात

मला सलाम आवडतो. मारायला नव्हे, घ्यायला. मारण्याची हौस एका सरकारी कार्यालयात तेहतीस वर्षं लिपिक म्हणून यथेच्छ फिटली. साहेब आले की उठायचं, गेले की बसायचं, आणि मधल्या वेळात टिपणीखाली 'सादर' लिहायचं. त्या तेहतीस वर्षांत मला मनापासून सलाम ठोकणारा एकच इसम आठवतो, आणि तोही मला नव्या साहेबांचे सासरे समजला होता.

आता मात्र वर्ध्यात आर्वी नाक्यावरून निघालो की बजाज चौक येईतो तीन-चार तरी पडतात. पानठेल्यावरचा पोरगा खर्रा घोटता घोटता दुसरा हात कपाळाकडे नेतो. ट्रिपल सीट निघालेले पोट्टे गल्लीत वळतात, आणि त्यांच्यातला मधला उतरून असा पायी चालू लागतो, जणू तो आईच्या पोटातूनच पायी आला. हे सगळं माझ्यासाठी नाही, माझ्या बुडाखालच्या महिंद्रा कमांडर जीपसाठी आहे, हे मला कळतं. पण सलाम बुडाला केला तरी पोचतो डोक्यातच.

१९९८ सालची ही जीप पंधरा वर्षं पोलीस खात्यात होती. २०१३ साली ती निवृत्त झाली. मीही त्याच वर्षी, नियत वयोमानानुसार. मला निरोपादाखल शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तिचा लिलाव झाला.

सरकारी भाषेत तिचं 'निर्लेखन' झालं. हा शब्द माझ्या फार जवळचा. सरकारात खुर्चीचा पाय मोडला म्हणून खुर्ची मोडत नाही. जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिचं नाव आहे तोवर ती चारही पायांवर उभी असते, प्रत्यक्षात तिच्या पायांवर शिपायानं चहा उकळलेला असला तरी. मग कोणीतरी प्रस्ताव लिहितो, की सदर वस्तू वापरून जीर्ण झाली असून दुरुस्ती परवडणारी नाही, सबब निर्लेखित करण्यास मान्यता मिळावी. तो कोणीतरी म्हणजे मी. टंकलेखन यंत्रं, सतरंज्या, पाण्याचे माठ, एकदा तर एक लोखंडी घंटा, सगळ्यांना मी माझ्या हातानं मुक्ती दिली आहे. निवृत्तीच्या दिवशी साहेब माझ्याबद्दल बोलायला उभे राहिले तेव्हा दर वाक्यागणिक मला धास्ती वाटत होती, की आता 'सबब' येणार.

तेव्हा शेजारच्या एका जिल्ह्यातल्या निर्लेखित वाहनांच्या जाहीर लिलावाची नोटीस वाचून मी तिथं गेलो, तो गाडी घ्यायला नव्हे. सवयीनं गेलो. मैदानात सात-आठ जीपगाड्या गवतात टेकलेल्या. अट नेहमीची: 'जसे आहे, जेथे आहे'. बोली लावणारे बाकी सारे भंगारवाले, आणि त्यांचा हिशोब किलोवर. एकानं बोटाच्या पेरानं या जीपचा पत्रा वाजवला आणि मला आपला धंदेभाऊ समजून कानात सांगितलं, "हिच्यात लोखंड कमी अन् पुट्टी जास्त हाय जी. नादी नका लागू." मी नादी लागलो. त्यानं पुट्टीचा हिशोब केला होता. मी समोरच्या काचेत माझं प्रतिबिंब पाहिलं होतं. काचेवर धूळ होती, म्हणून केस काळे दिसत होते.

जीप घरी आली तेव्हा बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मगच विचारलं, "पूर्वी कोणी मेलं होतं का हिच्यात?" त्या दिवसापासून तिनं गाडीला 'फौजदार' हे नाव दिलं. "फौजदार अंगणात तेल सांडून बसलेत," असं ती कामवाल्या बाईला सांगते, आणि बाईही पदर सावरून झाडू घेते.

फौजदारांचा दिवा, भोंगा आणि वायरलेस खात्यानं लिलावाआधीच उतरवून घेतले होते. वायरलेसच्या एरियलचं भोक मात्र 'जसे आहे' या सदरात मला मिळालं. पावसाळ्यात त्यातून थेंब पडतो तो नेमका माझ्या डाव्या खांद्यावर, जिथं फौजदाराला तारे असतात.

राहता राहिली दोन्ही बाजूंवरची 'पोलीस' ही अक्षरं. ती जायलाच हवीत, कायदाच आहे. पेंटर म्हणाला, "घासून, पुट्टी भरून दोन हात मारावे लागतील." मी म्हणालो, "एकच मार." त्यानं एकच मारला. करड्या रंगाखाली अक्षरं झाकली गेली, पण त्यांचा उंचवटा राहिला. भर दुपारी ती दिसत नाहीत. सकाळी आठ-साडेआठला आणि संध्याकाळी पाचनंतर, ऊन तिरपं झालं की पत्र्यातून हळूच 'पोलीस' वर येतं, गालावर जुना देवीचा व्रण दिसावा तसं. तेव्हा दुसऱ्या हाताचे हजार-बाराशे रुपये माझ्या खिशात होते. ते मी वाचवले नाहीत, गुंतवले. आणि फिरायला जाण्याची वेळ माझी आपोआपच सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच ठरली.

शेजारी एक वकील राहतात. त्यांनी मला तेव्हाच भारतीय दंड संहितेचं १७१ कलम ऐकवलं: लोकसेवकाचा वेश वा चिन्ह फसवण्याच्या हेतूनं वापरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. मी म्हटलं, "हेतू नाही हो, उन्हाचा कोन आहे." त्यांनी माझ्या नव्या खाकी पँटीकडे पाहिलं, नव्या मिशीकडे पाहिलं, आणि माझं वकीलपत्र घ्यायला आधीच नकार दिला.

ही जीप नाशकात किंवा साताऱ्यात असती तर इतकी शोभली नसती. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गांधीजी सेवाग्रामला राहिले, विनोबा पवनारला राहिले, आणि त्यांच्या मागे आम्ही राहिलो, कोरडे. शेजारच्या चंद्रपुरानं २०१५ साली बंदी आणून पाहिली आणि २०२१ साली उठवली. आमची कायम आहे. पुलगावकर नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात जातात, नागपूरच्या रस्त्यावरच्यांना बुटीबोरी आहे, आणि ज्यांना बसभाडं परवडत नाही त्यांच्यासाठी नाल्याकाठी मोहा सडतो. आमच्याकडच्या पेपरात 'वॉश आऊट मोहीम' आणि 'मोहा सडवा नष्ट' हे शब्द पावसाच्या अंदाजाइतके नेमानं छापून येतात. म्हणजे दुसरीकडे पोलिसांची जीप दिसली तर लोक विचारतात काय झालं. आमच्याकडे विचारत नाहीत, आधी हातातलं लपवतात.

याचा पहिला अनुभव सेलू तालुक्यातल्या एका साक्षगंधात आला. नात्यातली मुलगी, म्हणून गोरसपाकाचे चार डबे घेऊन आम्ही दोघं जीपनं निघालो. डिसेंबर महिना, सकाळचे साडेआठ. मंडपासमोर ब्रेक लावला (तो तिसऱ्या दाबाला लागतो) आणि उतरून पाहतो तो मंडपात नुसत्या बाया. पुरुषांच्या बाजूला खुर्च्या होत्या, चपला होत्या, वाजत असलेला एक मोबाइल होता. नवरदेव होता, कारण त्याला फेटा बांधून झाला होता आणि फेट्यानिशी पळणं अवघड. बाकीचे वावरात. पोलिसांच्या हातावर तुरी देणं हा वाक्प्रचार मी शाळेत शिकलो होतो. प्रत्यक्ष तुरीत शिरून दिलेल्या तुरी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. नवरदेवाचे मामा तर इतके आत गेले होते की कुंकू लागलं, साखर वाटली, तरी ते बाहेर येईनात. शेवटी त्यांना बोलवायला मलाच पाठवलं. मी बांधावर उभा राहून "अहो, मी मुलीकडचा" असं ओरडत होतो, आणि तुरी माझ्यापासून दूर दूर हलत होत्या.

बायको परतताना वाटभर बोलली नाही. मी मात्र केळझरच्या गणपतीपर्यंत हसत होतो.

इथं मी जरा रस्ता सोडणार आहे. जीपचा स्वभावच तो. शिवाय ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पोहे पचत नाहीत, आणि नाक्यावरचा पोहेवाला अलीकडे मी गाडी लावली की तर्रीचा झारा सोडून आतल्या खोलीत जातो.

१९४० साली अमेरिकी सैन्यानं १३५ कंपन्यांना पत्रं धाडली: अशी अशी हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी करून द्या, पहिला नमुना एकोणपन्नास दिवसांत. एकोणपन्नास दिवस! आमच्याकडे तेवढ्यात पत्र आवक विभागातून टेबलावर येत नसे. बँटम नावाच्या जवळजवळ दिवाळं निघालेल्या एका कंपनीनं ते मनावर घेतलं. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनियरनं दोन दिवसांत नकाशे काढले, आणि गाडी मुदतीत उभी राहिली. मग सैन्यानं काय करावं? बँटमचे नकाशे विलिस आणि फोर्ड या दोन बड्या कंपन्यांना दिले, आणि ऑर्डरीही त्यांनाच दिल्या. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपगाड्या निघाल्या, बँटमच्या वाट्याला दोन-तीन हजार. टिपणी लिहिणारा एक आणि सही करणारा दुसरा, हे फक्त आमच्याच खात्यात चालतं असं मला आधी वाटायचं.

आता हिंदुस्थानात या. १९४५ साली दोघे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीच्या पाटीवर मोहम्मदच्या जागी पुन्हा एकदा महिंद्रा आलं, आणि पुढं मुंबईत विलिसच्या जीपगाड्या जुळू लागल्या. १९५१ साली गुलाम मुहम्मद गव्हर्नर जनरल झाले आणि १९५४ साली त्यांनी त्या देशाची संविधान सभाच बरखास्त केली. भागीदारी मोडल्यावर एकानं जीप चालवायला घेतली, एकानं देश. कोणाचं सुटं सामान अजून मिळतं ते तुम्हीच बघा. आणि माझ्या गाडीचं इंजिन? ते फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या बनावटीचं. म्हणजे सांगाडा अमेरिकन, काळीज फ्रेंच, पाटी फाळणीतून आलेली, आणि बसणारा हिंदनगरचा निवृत्त लिपिक.

"जीपचं लग्न जुळवायचं आहे का?" बायको विचारते. "गोत्र किती सांगाल?"

पण वर्ध्यात मोटारीचं गोत्र सांगावंच लागतं, कारण इथल्या मोटारीची परंपराच निराळी. जमनालालजी बजाजांच्या घरी म्हणे जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपत आणि त्या वाहनाला थट्टेनं 'ऑक्सफर्ड' म्हणत, असं जुनी माणसं सांगतात. ज्या गावानं इंजिन नसलेल्या फोर्डला मान दिला, त्या गावानं दिवा नसलेल्या पोलीस जीपला चार सलाम दिले तर काय बिघडलं?

आणि हा छंद माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकेत तर याची मोठी जमात आहे. तिकडच्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं फोर्डची क्राऊन व्हिक्टोरिया असायची, भलं मोठं व्ही-एट इंजिन आणि फुटपाथवर चढवली तरी न कुरकुरणारे शॉक. २०११ साली ती बनणं बंद झालं, पण लिलावातून घेतलेल्या गाड्या हौशी लोक रोजच्या कामाला वापरतात. १९८० सालच्या 'ब्लूज ब्रदर्स' सिनेमात तर निवृत्त पोलीस गाडीच हिरोचं वाहन आहे, १९७४ सालची डॉज मोनॅको. माझा एक भाचा ओहायोत असतो. त्यानंही अशी क्राऊन व्हिक्टोरिया घेतली. रक्ताचा गुण. पण तो फोनवर रडतो. तिथं ही गाडी मागं दिसली की पुढचे सगळे लगेच कायद्यातल्या वेगावर येतात, त्यामुळे हा रोज ऑफिसला उशिरा. मी म्हटलं, "इकडे ये. आमच्याकडे पुढचे सगळे वेग वाढवतात. रस्ता मोकळा."

आता खर्चाचं. ते थोडक्यात सांगतो, कारण पुरावा मागं राहायला नको. लिलावात दिले त्याच्या चौपट आजवर मिस्त्रीला दिलेत. पंधरा वर्षांवरची गाडी म्हणून पर्यावरण कर वेगळा, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण वेगळं. शेवटचं २०२३ साली केलं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपली. त्या आता लिलावात हौशी माणसाकडे जात नाहीत, भंगार केंद्रात दाबल्या जातात. फौजदार माझ्या नावावर होते, म्हणून खासगी, म्हणून वाचले. नूतनीकरणाचे कागद घेऊन आलो त्या संध्याकाळी मी पत्र्यावरून उगाच हात फिरवला. गवतात टेकलेल्या तिच्या बाकीच्या बहिणी आठवल्या. 'वापरून जीर्ण झाली असून' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेन?

मग गेल्या खेपेचा तान्हा पोळा आला. सिंदीचा तान्हा पोळा म्हणजे आमच्याकडे जत्राच. माणसापेक्षा उंच लाकडी नंदी, सजावट, पोरांची झुंबड. नातवाला घेऊन गेलो. परतताना पाच वाजून गेले होते, ऊन तिरपं. नातवाला लघवी लागली म्हणून डांबरी रस्ता सोडून नाल्याच्या बाजूनं गाडी आत घेतली.

वळणावर एक बाई उभी होती. दोन्ही हातांत प्लास्टिकच्या कॅन. तिनं जीप पाहिली आणि ती धावली. वय असेल पन्नास-पंचावन्न. दहा पावलं गेली नसेल तोच उभ्या पऱ्हाटीत पाय अडकून पडली. एक कॅन फुटली. मोह्याचा तो आंबूस वास गाडीपर्यंत आला.

नातू सीटवर उभा राहिला. "आबा, पळते आहे! पकडा!"

मी खाली उतरलो. तिनं उठायच्या आधी हात जोडले. "सायेब, कालच तर येऊन मडके फोडून गेले न जी. आता अजून काय राह्यलं?"

"मी पोलीस नाही, बाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पांढऱ्या मिशीकडे, पोटावर चढलेल्या खाकी पँटीकडे. मग जीपकडे. मावळत्या उन्हात अक्षरं स्वच्छ उमटली होती, कधी नव्हे इतकी.

"मंग हे?"

"लिलावात घेतली. जुनी आहे."

ती पऱ्हाटीतच बसली. गुडघ्यातून रक्त येत होतं, ते तिनं लुगड्यानं पुसलं. "मंग थे नाव काऊन नाई पुसलं, बाप्पा? माहा जीव गेला असता न इथं."

मला काही सुचेना. मी पाकीट काढलं. "किती झाले?"

"किती पायजे?" तिचा आवाज एकदम दुकानदाराचा झाला. "हे एकच कॅन उरली."

"तसं नाही. सांडलेल्याचे."

"सांडल्याचे पैसे कोणी घेते का जी?" असं म्हणून ती उठली, उरलेली कॅन उचलली आणि लंगडत निघून गेली.

दारूबंदी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. नवरा प्यायला लागला की चुलीवर काय शिजतं, हे मी माझ्या आत्याच्या घरी पाहिलं आहे. पण पन्नास वर्षांचा हा कायदा मला आजवर तुरीतल्या मामांपुरता दिसला होता, गमतीचा. ते मामा त्या दिवशी अंगावरची पानं झटकून जेवायला बसले होते आणि दोन जिलब्या जास्त खाल्ल्या होत्या. बुटीबोरीहून एसी गाडीत गाणी गुणगुणत परतणाऱ्यांचा गुडघाही कधी फुटलेला मी पाहिलेला नाही. आणि मी? मी हजार-बाराशे रुपयांत तिची भीती विकत घेऊन अकरा वर्षं तिच्यावर सकाळ-संध्याकाळ फिरत होतो.

नातवानं घरी जाऊन सांगितलं, "आबांनी चोर सोडून दिली." बायकोनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला पुरणपोळी देऊन गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी पेंटरकडे गेलो. तोच पेंटर. "साहेब, अकरा वर्षांनी दुसरा हात?" यावेळी त्यानं घासलं, पुट्टी भरली, पुन्हा घासलं. करडा नको म्हणून बायकोनं मोरपंखी सांगितला. वाळल्यावर संध्याकाळी पाचच्या उन्हात मी गाडी आडवी लावली, उभी लावली, डोळे बारीक करून पाहिलं. काही नाही. फौजदार लग्नाच्या वरातीतल्यासारखे दिसत होते.

आर्वी नाक्यावर पानठेल्यावरच्या पोरानं मान वर केली नाही. ट्रिपल सीटचे पोट्टे मला डावीकडून ओव्हरटेक करून गेले, वर मधल्यानं वळून "काका, गिअर टाका" असंही सांगितलं. पोहेवाला मात्र आतल्या खोलीतून बाहेर आला आणि दोन झारे तर्री जास्त घातली.

आणि बजाज चौकात शिट्टी वाजली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, माझ्यासाठी. तरुण शिपाई, नव्या भरतीतला असावा. त्यानं हात दाखवून गाडी कडेला घ्यायला लावली, कागद मागितले, आधीच्या मालकाचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"काका, ही आपलीच होती का?"

"होती," मी छाती काढून म्हणालो. "पंधरा वर्षं सेवा."

त्यानं मोरपंखी पत्र्याला एक चक्कर मारली, बॉनेटवर हलकेच थाप दिली आणि म्हणाला, "पीयूसी दाखवा."

पीयूसी संपून सव्वा वर्ष झालं होतं. तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा दंडाचा मेसेज माझ्या आधी पोचला होता. गाडीच्या कागदांवर मी बायकोचा मोबाइल नंबर दिलेला. तिनं चष्मा लावून तो सगळा वाचला, आणि पोळपाटावरचं लाटणं न थांबवता विचारलं,

"फौजदार सुटले जामिनावर, की तुम्हीच?"